तीन मतांचा धनी

आमच्या वऱ्हाडात अध्यक्षांचे पीक कपाशीहून जोमाने येते आणि त्याला पावसाचीही फारशी वाट पाहावी लागत नाही. गल्लीतल्या गणेशोत्सवाला अध्यक्ष असतो, पतसंस्थेला असतो, वाचनालयाला असतो, आणि ज्या संस्थेचे काम कधीच बंद पडले तिलाही असतोच. मी मराठीचा प्राध्यापक. त्यामुळे माणसाआधी माझे लक्ष शब्दाकडे जाते. 'अध्यक्ष' या शब्दात 'अक्ष' म्हणजे डोळा दडलेला आहे. जो वरून नजर ठेवतो तो अध्यक्ष. 'राष्ट्रपती'मध्ये 'पती' म्हणजे धनी. अमेरिकेतला प्रेसिडेंट आणि दिल्लीतला प्रेसिडेंट, इंग्रजीत दोघांना एकच शब्द; पण मराठीने त्यांची वाटणी करून ठेवली. अमेरिकेचा तो राष्ट्राध्यक्ष, आपला तो राष्ट्रपती. ज्याच्या हाती कारभार तो अध्यक्ष, आणि ज्याच्या नावाने कारभार चालतो तो पती! हा शोध मी मोठ्या उत्साहाने घरी सांगितला, तेव्हा आमच्या सौभाग्यवती मेथी निवडता निवडता म्हणाल्या, "पती नावापुरता असतो, हे कळायला घटना कशाला वाचावी लागते?"

विनोद बाजूला ठेवू. अध्यक्ष लोकांनी थेट निवडावा, की लोकांनी निवडलेल्या माणसांनी निवडावा, हा प्रश्न दिसतो तितका पुस्तकी नाही. आमच्या घरात तो शिरला माझ्या मावसभावामुळे. तो न्यू जर्सीला असतो. तिकडचा नागरिक झाला आहे, मतदार झाला आहे, पण दोन-चार वर्षांनी अकोल्याला मामांकडे आल्यावाचून त्याला करमत नाही. मामा जिनिंग फॅक्टरीतून निवृत्त झालेले, शिक्षण मॅट्रिकपर्यंत. पण वर्तमानपत्राची शेवटची ओळ वाचल्याशिवाय आंघोळीला उठायचे नाहीत. त्यांनी भाच्याला अमेरिकेच्या निवडणुकीचे गणित विचारले आणि भाचा सांगू लागला.

तिकडे लोक मत देतात खरे, पण ते मोजले जाते राज्याराज्यांतून. प्रत्येक राज्याच्या वाट्याला ठरावीक निर्वाचक. एकूण ५३८, आणि जिंकायला हवेत २७०. दोन राज्ये सोडली तर बाकी ठिकाणी ज्याला राज्यात एक मत जास्त, त्याला त्या राज्याचे सारे निर्वाचक. त्यामुळे २०१६ साली हिलरी क्लिंटन यांना देशभरात सुमारे २८ लाख मते अधिक पडूनही डोनाल्ड ट्रम्प राष्ट्राध्यक्ष झाले. २००० सालीही अल गोर यांना सुमारे पाच लाख मते जास्त होती आणि अध्यक्षपद मिळाले जॉर्ज बुश यांना. २०२४ साली मात्र ट्रम्प दोन्ही हिशेबांनी जिंकले. "आमच्या न्यू जर्सीचे चौदा निर्वाचक," भाऊ म्हणाला, "आणि ते कुणाकडे जाणार हे मी घरून निघायच्या आधीच मला ठाऊक असतं."

मामांनी चष्मा कपाळावर चढवला. "म्हंजे ज्याले जास्त मतं तो घरी, अन् ज्याले कमी तो गादीवर? मंग मोजून काहून राह्यले बाप्पा?"

मामांचा कौल तेव्हाच लागला होता: लोकांनीच निवडावा, मधे कोणी नको. मला मात्र मधल्या माणसांचा थोडा अनुभव आहे. तो वाचकांना सांगितला पाहिजे.

१९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने कॉलेजातल्या थेट निवडणुका बंद झाल्या. वर्गात जो पहिला येईल तो वर्गप्रतिनिधी, आणि या प्रतिनिधींनी आपल्यातून एक सचिव निवडायचा, अशी नवी रीत आली. हेतू चांगला होता. निवडणुकांतली मारामारी थांबावी, हुशार मुले पुढे यावीत. २००० साली मी एका कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो आणि मराठी विषय घेणारे आम्ही थोडकेच असल्यामुळे पहिला येणे मला फारसे जड गेले नव्हते. वर्गप्रतिनिधी झाल्याचे पत्र हाती पडले आणि दोनच दिवसांत एक जीप दाराशी उभी राहिली. आम्हा सात-आठ मतदारांना चिखलदऱ्याला नेण्यात आले. तिथली थंडी, गरम भजी, रात्रीचे पांघरूणसुद्धा कोणीतरी आणून घालणार! मतदार म्हणून जो मान त्या दोन दिवसांत मिळाला, तो पुढे नवरदेव म्हणूनही मिळाला नाही. दुसऱ्या उमेदवाराची माणसे परतवाड्यापर्यंत आम्हाला शोधत आली होती म्हणे. मी मत कोणाला दिले हे गुप्त मतदानाचा मान राखून सांगत नाही.

पण एक गोष्ट तेव्हा लख्ख कळली. मतदार थोडे असले की मत महाग होते, आणि महाग वस्तूला गिऱ्हाईक लागतेच. वर्गातल्या ज्या मुलांच्या नावाने मी प्रतिनिधी होतो त्यांना जीप कधी आली आणि कधी गेली याचा पत्ताही नव्हता. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात थेट निवडणुकीची तरतूद पुन्हा आली, ती बहुधा अशा जीपा मोजूनच.

साहित्याच्या अंगणातही हेच. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष पुष्कळ वर्षे घटक संस्थांचे मिळून हजार-अकराशे मतदार निवडत असत. मत मागायला दारोदार जाणे ज्यांच्या स्वभावात नाही, असे कितीतरी लेखक मग त्या वाटेला गेलेच नाहीत. अखेर २०१८ साली महामंडळाने निवडणूक बंद करून सन्मानाने निवड करण्याचे ठरवले आणि त्या रीतीने निवडल्या गेलेल्या पहिल्या अध्यक्ष अरुणा ढेरे २०१९ साली आमच्या शेजारी यवतमाळला संमेलनाच्या व्यासपीठावर आल्या. मतदार कमी करून भांडण मिटेना, तेव्हा मतदानच मिटवले!

तेव्हा थेट निवडणूक हाच उपाय, असे कोणी म्हणेल. त्याने आधी आपल्या नगराध्यक्षांचा इतिहास पाहावा. महाराष्ट्रात नगराध्यक्ष कधी लोकांनी थेट निवडायचा, कधी नगरसेवकांनी. २००१ च्या सुमारास थेट झाला, २००६ साली पुन्हा नगरसेवकांकडे गेला, २०१६ साली थेट, २०२० साली परत नगरसेवकांकडे, आणि २०२२ साली पुन्हा थेट. सरपंचाचेही तसेच: २०१७ साली थेट, २०२० साली रद्द, २०२२ साली परत थेट. सरकार बदलले की पद्धत बदलते. पद्धतीचे तत्त्वज्ञान दोन्ही बाजू तितक्याच कळकळीने सांगतात, पण कोणती पद्धत आपल्याला फळेल याचा हिशेब त्या कळकळीच्या मागे उभा असतोच.

यात आमची एक वेगळी गंमत आहे. अचलपूर, अकोट, मूर्तिजापूर येथे नगरपरिषदा आहेत, म्हणून डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीत तेथल्या माणसाने आपला नगराध्यक्ष स्वतःच्या हाताने निवडला. अमरावती आणि अकोला शहरे मोठी. तेथे महापालिका, म्हणून महापौर. आणि महापौर निवडतात नगरसेवक. म्हणजे गाव लहान असेल तर मतदार मोठा, आणि शहर मोठे झाले की मतदार लहान! १९८३ साली अमरावतीला आणि २००१ साली अकोल्याला महापालिका आली, तेव्हा आपण पुढे गेलो असे सगळे म्हणाले, मामा म्हणतात, "एका पायरीनं मांगं आलो."

पण थेट निवडीलाही काटे आहेत. लोकांनी अध्यक्ष निवडला एका पक्षाचा आणि सभागृहात त्या पक्षाला बहुमत दिले नाही, तर? मग एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष एका ताटात जेवायला बसतात. जानेवारी २०२६ मध्ये अकोटला असेच झाले आणि साऱ्या महाराष्ट्रात त्याची चर्चा झाली. थेट निवडलेला अध्यक्ष पाच वर्षे खुर्चीवर. सभागृह त्याच्या विरुद्ध. आणि नालीचे टेंडर दोघांच्या मधे अडकलेले. मतदार मात्र बिचारा दोन्ही बोटांना शाई लावल्यासारखा उभा.

हे सगळे मी मामांना सांगितले. ते म्हणाले, "मले एवढंच सांग. नळाले पानी नाही आलं तर मी कोनाची गचांडी धरू? ज्याले म्या मत देल्लं त्याचीच ना? मंग ज्याले म्या मतच देल्लं नाही त्याले काय इचारू?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि खरे म्हणजे तेच उत्तर आहे. ज्याने आपल्या रोजच्या संसारात हात घालायचा, पाणी, रस्ता, दिवाबत्ती पाहायची, त्याला निवडण्याचा हक्क मतदाराने मधल्या कोणाच्या हाती देऊ नये. जो जाब देणार तो मत मागायला दारी आला पाहिजे. आणि त्याला नुसती खुर्ची न देता काम करण्याचा अधिकारही दिला पाहिजे. नाहीतर थेट निवडणूक म्हणजे वरात मोठी आणि नवरदेवाला घोडाच नाही.

मग राष्ट्रपतीचे काय? येथे अमरावतीकराला बोलण्याचा थोडा जादा हक्क आहे. २५ जुलै २००७ रोजी प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या. या पदावर बसलेल्या त्या पहिल्या महिला. माहेर खानदेशात, पण सासर अमरावतीचे, आणि १९९१ साली अमरावतीनेच त्यांना लोकसभेवर पाठवले होते. त्यांचे यजमान देवीसिंह शेखावत हे अमरावतीचे पहिले महापौर. एकाच घरात शहराचा पहिला महापौर आणि देशाची पहिली महिला राष्ट्रपती, आणि दोघांचीही निवड लोकांनी निवडलेल्या माणसांनी केलेली! २००७ च्या त्या निवडणुकीत प्रतिभाताईंच्या मतांचे मूल्य ६,३८,११६ आणि भैरोसिंह शेखावत यांचे ३,३१,३०६ भरले. शिवसेना तेव्हा विरोधी आघाडीत होती, तरी मराठी राष्ट्रपती म्हणून तिने प्रतिभाताईंना मते दिली. या निवडणुकीत पक्षाला आपल्या आमदार-खासदारांवर व्हिप काढता येत नाही.

ही पद्धत घटना समितीत ठरली. तिच्यात आमचे पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख होते, अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी होते. डिसेंबर १९४८ मध्ये के. टी. शहा यांनी सुचवले की राष्ट्रपती साऱ्या प्रौढ मतदारांनी थेट निवडावा. डॉ. आंबेडकरांनी त्याला विरोध केला. एवढ्या अफाट मतदारांसाठी यंत्रणा कोठून आणणार, हा एक मुद्दा. आणि त्याहून मोलाचा दुसरा: आपल्या घटनेत खरी सत्ता मंत्रिमंडळाकडे आहे, राष्ट्रपती हे राज्याचे प्रतीक आहे. प्रतीकासाठी कोट्यवधींचे मतदान कशाला?

पहिला मुद्दा आज उरलेला नाही. लोकसभेसाठी ती यंत्रणा आपण उभी करतोच. दुसऱ्या मुद्द्यावर माझ्या वर्गातल्या एका मुलीने मला आयर्लंडचे उदाहरण दिले. तेथे राष्ट्राध्यक्ष थेट लोक निवडतात, कारभार पंतप्रधान करतो, आणि काही बिघडत नाही. उदाहरण चोख होते. तरी माझे मन डॉ. आंबेडकरांच्या बाजूला राहते. आयर्लंडचा संसार छोटा. आपल्याकडे ज्याला चाळीस कोटी माणसांनी हाताने निवडले, तो मंत्रिमंडळाच्या कागदावर सही करण्यापुरता शांत बसेल काय? त्याने का बसावे? एका घरात दोन कर्ते झाले म्हणजे काय होते, हे वऱ्हाडातल्या वाडेवाल्यांना मी सांगायला नको.

शिवाय राष्ट्रपतीच्या निवडणुकीत एक सोय आहे, ती साध्या निवडणुकीत नाही. मतदार उमेदवारांना पसंतीचे क्रमांक देतो. १९६९ साली आपले चिंतामणराव देशमुख उभे होते. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडणारे तेच. व्ही. व्ही. गिरी यांना पहिल्या पसंतीची ४,०१,५१५, नीलम संजीव रेड्डी यांना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मते पडली. कोणालाच ठरलेला आकडा गाठता आला नाही. मग दुसऱ्या पसंतीची मते मोजली. देशमुखांची बहुतेक मते रेड्डींकडे गेली, तरी गिरी ४,२०,०७७ वर पोचले आणि रेड्डी ४,०५,४२७ वर राहिले. चिंतामणराव हरले, पण त्यांच्या मतदाराला दुसऱ्यांदा विचारले गेले. पडणाऱ्याला दिलेले मत वाया जाते, हे भय येथे नाही.

ही क्रमांकाची रीत मला परिचयाची आहे, कारण मी स्वतः तसे मतदान करतो. विधान परिषदेत पदवीधरांचे आमदार असतात, शिक्षकांचे असतात. मी पदवीधर, म्हणून अमरावती पदवीधर मतदारसंघात माझे एक मत. मी शिकवतो, म्हणून शिक्षक मतदारसंघात दुसरे. शिवाय सर्वांसारखे विधानसभेचे आहेच. २०२३ च्या फेब्रुवारीत पदवीधरांची मोजणी दुसऱ्या दिवसापर्यंत चालली, तेव्हा आपल्या मताला किती भाव आहे म्हणून मी जरा ताठ बसलो होतो. म्हणजे राज्याच्या कारभारात मी तीन मतांचा धनी. सौ. बी.ए. आहे, तिची दोन. आणि मामा, ज्यांनी चाळीस वर्षे कापसाच्या धुळीत काढली, जे रोज वर्तमानपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात, त्यांचे एक.

मामांनी हे ऐकले आणि ते रागावले नाहीत. नुसते म्हणाले, "बरं हाय. अन् राष्ट्रपतीले तुही किती?"

मी हिशेब मांडू लागलो. विधान परिषदेच्या आमदारांना राष्ट्रपतीच्या निवडणुकीत मत नाही, म्हणून माझी दोन जादा मते तेथेच गळाली. उरले विधानसभेचे. आमदाराच्या मताचे मूल्य काढायचे तर राज्याची लोकसंख्या आमदारांच्या संख्येने भागायची आणि पुन्हा हजाराने भागायची. महाराष्ट्राची लोकसंख्या ५,०४,१२,२३५, आमदार २८८, उत्तर १७५. अमरावती जिल्ह्याचे आठ आणि अकोल्याचे पाच, मिळून तेरा आमदार, त्यांचे मूल्य २,२७५. आकडे बरोबर जमले म्हणून मी खूश झालो.

"पाच कोटी?" मामा म्हणाले. "आता तं अकरा-बारा कोटी असतीन."

ही पाच कोटी १९७१ च्या जनगणनेतली. ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतले त्यांना त्याची शिक्षा होऊ नये, म्हणून १९७६ साली घटनादुरुस्ती करून तो आकडा गोठवला गेला. नंतर २००१ च्या चौऱ्याऐंशीव्या दुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. २०२२ साली द्रौपदी मुर्मू निवडून आल्या त्या निवडणुकीतही आमच्या आमदाराचे मूल्य १७५ च होते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्र सव्वाअकरा कोटींच्या जवळ गेला होता, त्याची नोंद त्या हिशेबात नाही. गोठवण्यामागचे कारण न्यायाचे आहे, हे मी आजही म्हणेन.

मामा बोटांवर काहीतरी मोजत होते. "माहा जलम त्रेपनचा. म्हंजे म्या एकाहत्तरात हाये. तुहा?"

"ऐंशीचा."

"मंग तू नाही!" मामा इतके मोठ्याने हसले की मामी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "अवो, आयकलं का? तीन मताचा धनी हाय म्हने आपला भासा, अन् राष्ट्रपतीच्या पुस्तकात अजून जलमलाच नाही!"

मीही हसलो. पण अमरावतीला परतताना गाडीत तो विषय डोक्यातून जाईना. थेट की मधल्यांमार्फत, यावर आपण इतके भांडतो. पण त्याच्या आधीची पायरी, म्हणजे माणूस मोजला गेला की नाही, तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. अमेरिकेत माझ्या भावाचे मत राज्याच्या पोत्यात बुडते, येथे माझे अस्तित्व १९७१ च्या वहीबाहेर राहते, आणि मामांचे शहाणपण एका मताच्या वर चढत नाही. अमरावती-अकोल्यात तर २०२२ पासून जवळजवळ चार वर्षे नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. महापौर कोणी निवडावा हा वाद तेव्हा कोणत्या तोंडाने घालायचा? निवडणूकच नसली की दोन्ही पद्धती सारख्याच.

म्हणून माझे मत, म्हणजे तिन्हीपैकी कोणतेही नव्हे, नुसते मत, असे आहे. ज्याने कारभार करायचा तो अध्यक्ष. त्याला लोकांनी थेट निवडावे आणि वेळेवर निवडावे. ज्याने कारभारावर नैतिक धाक ठेवून वर बसायचे तो पती. त्याला आपल्या प्रतिनिधींनी निवडले तर त्यात लोकांचा अपमान नाही, कारण आमदाराच्या हाती आपण आधीच मत ठेवलेले असते. मात्र ती ठेव आहे, बक्षीस नव्हे, हे त्याने विसरू नये. आणि ठेवीच्या वहीत सगळ्यांची नावे असावीत, मामांची, माझी, आणि काल जन्मलेल्याचीही.

पुढची जनगणना आली आहेच. मोजणारा शिक्षक बहुधा माझ्याच ओळखीचा निघेल. तो दार वाजवील तेव्हा मी आतून ओरडून उत्तरे देणार नाही. दाराशी जाऊन नाव, वय, शिक्षण नीट सांगणार आहे. वय त्याला सेहेचाळीसच्या पुढचे लिहावे लागेल. पण घटनेतल्या तरतुदीप्रमाणे झाले, तर राष्ट्रपतीच्या हिशेबात माझा जन्म त्या वहीतून व्हायचा आहे. मामांना कळवून ठेवले आहे. त्यांनी बारशाला यायचे कबूल केले आहे.